नायकाच्या शेजारच्या घोड्यावर

प्रश्न : मी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांसोबत जुने काउबॉयपट बघत मोठा झालो. मला नायक नाही, त्याच्यासोबतचा तो दाढीवाला विनोदी म्हातारा व्हावंसं वाटतं. कॉलेजच्या एकांकिकेत मी नोकर होतो. ऐन स्पर्धेत नायक वाक्य विसरला, तेव्हा मी खांद्यावरचा टॉवेल झटकत "मालक, त्या पत्राचं विचारायचं राहिलं की!" म्हणालो आणि प्रयोग पुढे सरकला. बाबा म्हणतात, असल्या कामावर पोट भरत नाही. खरंय का?

उत्तर :
प्रिय मित्रा,

आधी त्या टॉवेलबद्दल. बक्षीस मिळालं की नाही हे तू लिहिलं नाहीस, पण तुला हव्या असलेल्या कामाचं मर्म त्या एका झटक्यात आहे. नायक अडखळला तरी त्याचं हसं होऊ द्यायचं नाही, हशा आपल्या अंगावर घ्यायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. हे ज्याला आपसूक सुचतं त्याला मी हा नाद सोड असं सांगणार नाही.

आजोबांचा तो दाढीवाला बहुधा जॉर्ज ऊर्फ 'गॅबी' हेज असावा. 1885 चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातला. चाळिशीपर्यंत तो व्होडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या फिरत्या कार्यक्रमांत होता. 1928 मध्ये पैसे गाठीला बांधून त्याने काम थांबवलं. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, पुंजी गेली आणि त्याला पुन्हा तोंडाला रंग लावावा लागला. घोड्यावर बसायलाही तो चाळिशी उलटल्यावर शिकला! पडद्यावर येताना कवळी काढून ठेवायचा. गाल आत जायचे, ओठ दुमडायचे, शब्द तोंडातल्या तोंडात घोळायचे. एरवी हा माणूस नीटनेटका, वाचन असलेला, स्वच्छ बोलणारा. तो म्हातारा त्याने मेहनतीने घडवला होता.

आता पोटाचं. काउबॉयपटांत सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या कलाकारांची यादी अमेरिकेत दरवर्षी निघायची. तिच्या पहिल्या दहांत गॅबी हेज आणि त्याच्यासारखाच विनोदी साथीदार रंगवणारा स्मायली बर्नेट ही नावं नायकांच्या बरोबरीने वर्षानुवर्षे होती. हे बाबांना जरूर सांग.

पण पुढचंही सांग, कारण त्यांची भीती खोटी नाही. हॉपलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या चित्रपटांत हेजच्या पात्राचं नाव 'विंडी' होतं. 1939 मध्ये पैशांवरून बिनसलं आणि तो बाहेर पडला. नावावर हक्क पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा, त्यामुळे रिपब्लिक कंपनीत त्याला 'गॅबी' व्हावं लागलं. तीच दाढी, तीच बडबड, नाव मात्र नवं. म्हणून बी.कॉम. अर्धवट सोडू नकोस. करार वाचता येणं, मानधन कधी आणि कशाबद्दल मिळणार हे विचारता येणं, याची नटाला फार गरज असते.

शिवाय कामाचा प्रकारच संपू शकतो. टीव्ही घरोघरी पोचला आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते स्वस्तातले काउबॉयपट बंद पडले. हेजने 1950 पासूनच टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम केला. बर्नेटकडे तर संगीत होतं. शेकडो गाणी रचलेली, कितीतरी वाद्यं वाजवता येणारी. पुढे 1960 च्या दशकात तो टीव्ही मालिकेत रेल्वे इंजिनचा चालक होऊन घराघरांत दिसला. तूही एक वाद्य धर, पेटी म्हण, ढोलकी म्हण. दोन-तीन बोली नीट कानावर घे. नुसता सांगलीचा हेल पुरणार नाही, मालवणी आणि वऱ्हाडी माणसांत जाऊन बस.

पदवी झाल्यावर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा (एफटीआयआय) अभिनयाचा अभ्यासक्रम आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय या दोन्ही वाटा खुल्या होतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्रही आहेच. तिघांचे प्रवेशाचे नियम त्यांच्या संकेतस्थळांवर आत्ताच वाचून ठेव. निवड कठीण असते, दोनदा प्रयत्न करावा लागेल असंच धरून चाल. तोवर एकांकिका सोडू नकोस, आणि लहान काम मिळालं म्हणून तालमीला उशिरा जाऊ नकोस.

बाबांना पुढच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसव. आणि तो टॉवेल त्या वेळी तुला कसा सुचला, ते मला सविस्तर लिही.