भावाला सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) आहे आणि माझी एचएलए-डीक्यू2 ही या आजाराशी जोडलेल्या जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. मलाही हा आजार होणारच का? गहू आत्ताच सोडू का?

होणारच असे नाही, आणि गहू आत्ता मुळीच सोडू नका. डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुके शंभरातल्या तीस-चाळीस जणांत असतात, आजार मात्र त्यांतल्या मोजक्यांनाच होतो. दक्षिण भारतात ही जनुके साधारण उत्तरेइतकीच आढळतात, तरी जिथे गहू कमी खाल्ला जातो तिथे सीलिअ‍ॅकही फार कमी दिसतो. या चाचणीचा खरा उपयोग आजार नाकारण्यासाठी आहे, कारण दोन्ही जनुके नसतील तर सीलिअ‍ॅक असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचे पोट फुगलेले आणि हातपाय काड्यांसारखे झाले होते. लोहाच्या औषधाने हिमोग्लोबिन वाढत नव्हते आणि हा पंजाबकडचा आजार अशी समजूत असल्याने दीड वर्ष आम्ही जंतांचीच औषधे देत राहिलो. बायॉप्सीनंतर (आतड्याचा बारीक तुकडा तपासल्यावर) निदान झाले, गहू बंद केला, तरी रक्तातल्या, या आजाराची खूण असलेल्या अँटिबॉडी उतरेनात. शेवटी कळले की गिरणीत तिची ज्वारी गव्हाच्या दळणामागून त्याच जात्यात पडत होती आणि डबीतल्या हिंगातही गव्हाचे पीठ होते. या सगळ्या काळात सासरी मला 'हे तुझ्या माहेरचे दुखणे' असे ऐकवले जात होते. पुढे आम्हा दोघांची तपासणी झाली, तेव्हा माझ्यात डीक्यू2 नव्हते आणि डीक्यू8ही नव्हते. मुलीतले डीक्यू2 तिच्या वडिलांकडून आले होते आणि ते स्वतः आजही दोन्ही वेळा पोळ्या खाऊन ठणठणीत आहेत.

तेव्हा गहू खात असतानाच रक्तातली टीटीजी अँटिबॉडी (सीलिअ‍ॅकची मुख्य रक्ततपासणी) आणि एकूण आयजीए (अँटिबॉडींचा एक प्रकार) तपासून घ्या, कारण गहू सोडल्यावर ही तपासणी फसवी येऊ शकते. सख्ख्या भावंडांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून आज निकाल निगेटिव्ह आला तरी पुन्हा तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारा. आणि भावाच्या आजाराचे खापर घरात कोणी आईवर फोडत असेल, तर आईवडील दोघांचेही अहवाल काढून समोर ठेवा. एचएलएबाहेरचीही अनेक जनुके थोडाथोडा वाटा उचलतात, त्यामुळे माझ्याकडून मुलीला काहीच आले नाही असा माझा दावा नाही; पण अहवाल येईपर्यंत मला जे ऐकावे लागले, त्याबद्दल आजवर कोणीही 'आमचे चुकले' असे म्हटलेले नाही.