‘काहीही हं श्री’ मधला ‘हं’

‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतलं एक वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. प्रश्न असा आहे: ते ‘काहीही हं श्री’ लिहावं की ‘काहीही हा श्री’? आणि समोर श्री नावाचं कुणी नसताना लोक ‘श्री’ का म्हणतात?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. ‘हं’च. ‘हा’ लिहिलं की ते दर्शक सर्वनाम होतं आणि आपण कुणा श्रीकडे बोट दाखवतोय असं वाटतं. रोमन लिपीत टाइप करताना अनुस्वार गळतो, तिथून हा ‘हा’ शिरला असावा.

मला स्वतःला ‘हं’ फार मोलाचं वाटतं. ‘हं, पुढे?’ म्हणजे मी ऐकतोय. ‘पडशील हं!’ यात काळजी. ‘मी नाही येणार हं’ यात आधीच सांगून ठेवणं. झी मराठीवर २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी (तेजश्री प्रधान) श्रीला (शशांक केतकर) ‘काहीही हं श्री’ म्हणायची, तेव्हा राग लटका आहे हे याच ‘हं’मुळे कळायचं. तो काढून नुसतं ‘काहीही, श्री!’ म्हणून पाहा. खरंच चिडल्यासारखं वाटतं.

‘काहीही!’ हा उद्गार मात्र मालिकेने दिलेला नाही, तो आधीपासून आहे. ‘काहीही बोलतोस’ मधलं क्रियापद गळून तो उरला. आणि हे वाक्य इतकं पसरायला, माझ्या मते, नेमकी हीच गोष्ट उपयोगी पडली. मराठीत क्रियापद आलं की बोलतोस, बोलतेस, बोलता यांतलं एक निवडावं लागतं. इथे क्रियापदच नाही. त्यामुळे मित्र, मैत्रीण, वरिष्ठ, वर्तमानपत्रातला मथळा, कुणालाही ते जसंच्या तसं लागू पडतं.

आता ‘श्री’. ‘कळीचा नारद’ किंवा ‘शकुनीमामा’ म्हणताना त्या पात्राचा स्वभाव आपण समोरच्याला चिकटवतो. ‘श्री’चं तसं नाही. श्रीचा कुठलाही गुण इथे अभिप्रेत नाही. तो फक्त ऐकणारा आहे. ‘सीआयडी’तल्या ‘दया, दरवाजा तोड दो’चंही तसंच: दार अडकलं की जवळ असेल तो दया. ‘काहीही हं’ कुणीही कधीही म्हणेल, पण पुढे ‘श्री’ जोडला की मालिकेची आठवण आपोआप येते. नाव इथे व्यक्तीचं राहत नाही, वाक्य कुठून आलं ते सांगणारी खूण होतं. म्हणून ‘काहीही हं बाबा’ हे साधं बोलणं झालं, आणि बाबांनाच ‘काहीही हं श्री’ म्हटलं तर तो मालिकेचा उल्लेख झाला.

लिहिताना ‘श्री’ हे संबोधन असल्याने त्याआधी स्वल्पविराम द्यायला हवा: ‘काहीही हं, श्री!’ मात्र जान्हवी तिथे अजिबात थांबत नसे. त्यामुळे तिची लकब दाखवायची असेल तर स्वल्पविराम गाळलेला मला चालेल, अनुस्वार गाळलेला नाही.