जपानमधील एखाद्या खेड्यात संथपणे राहून जुन्या वनवाटांवर चालायचे आणि पारंपरिक जेवण जेवायचे असेल, तर कुठे जावे?

साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन आपण जपानला निघाला आहात. टोकियो आणि क्योतो पाहून झाल्यावर चार-पाच दिवस एखाद्या खेड्यात निवांत राहावे, जुन्या अरण्यातून झेपेल तेवढे चालावे आणि तिथलेच जेवण जेवावे असा आपला बेत आहे, आणि आई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे हे कितपत जमेल अशी शंकाही आपण विचारली आहे. मी ओसाकात राहते, आणि माझे उत्तर ठरलेले आहे : कीई द्वीपकल्पातील कुमानो, आणि त्यातही होंगू व युनोमिने ही डोंगरातली दोन शेजारगावे. मात्र तिथे जाऊन संपूर्ण वाट चालून पूर्ण करण्याचा संकल्प कृपया करू नका. गावात मुक्काम ठेवावा आणि रोज वाटेचा एखादाच टप्पा चालावा, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कुमानो कोदो ही एकच वाट नाही. होंगू, शिंगू आणि नाची या तीन देवस्थानांकडे वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या जुन्या पायवाटांचे ते जाळे आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळात निवृत्त सम्राट मोठ्या लवाजम्यासह क्योतोहून इथवर येत असत, आणि पुढे सामान्य लोकांचीही अशी रीघ लागली की ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ असा वाक्प्रचारच जपानीत रूढ झाला. २००४ मध्ये या वाटा आणि देवस्थाने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. यांपैकी सर्वाधिक चालली जाणारी नाकाहेची ही वाट ताकिजिरी येथे डोंगरात शिरते आणि सुमारे ४० किलोमीटर चालल्यावर होंगूला पोहोचते. बहुतेक प्रवासी ती दोन-तीन दिवसांत पार करतात, पण ताकिजिरीच्या देवळामागची चढण पहिल्या पावलापासूनच अंगावर येते आणि झाडांच्या मुळांवर व सुट्या दगडांवर पाय ठेवत वर जावे लागते. संध्याकाळच्या मुक्कामाची घाई मनात असली की माणूस अरण्याकडे पाहतच नाही, फक्त घड्याळाकडे पाहतो.

त्याऐवजी होंगूहून सकाळची बस पकडून होश्शिनमोन येथे उतरावे आणि तिथून होंगूपर्यंतचे सुमारे ७ किलोमीटर पायी परत यावे. ही वाट बरीचशी सपाट किंवा उताराची आहे, आणि थांबत-बसत चालले तरी तीन-चार तासांत होते. ती कधी वस्तीतून जाते, कधी चहाच्या झुडपांच्या ओळींच्या कडेने, आणि मग पुन्हा झाडांच्या गारव्यात शिरते. घरांपुढे लहानशा फळ्यांवर घरच्या उमेबोशीची, म्हणजे उमे या आंबट फळाच्या खारवून वाळवलेल्या लोणच्याची, पाकिटे मांडलेली असतात. विक्रेता कुणी नसतो, शेजारच्या डब्यात पैसे टाकून पाकीट उचलायचे. फुशिओगामी या ठिकाणी यात्रेकरूंना होंगूच्या देवस्थानाचे पहिले दर्शन होई आणि ते तिथेच गुडघे टेकून नमस्कार करीत. तिथे निदान अर्धा तास बसावे असे मला मनापासून वाटते.

होंगूचे मंदिर आज टेकडीवर आहे, पण पूर्वी ते खाली नदीच्या संगमावरील वाळवंटात, ओयुनोहारा येथे होते. १८८९ च्या महापुरात त्याचा मोठा भाग वाहून गेला, आणि वरच्या डोंगरांतील वृक्षतोडीने त्या पुराचा जोर वाढला असे मानले जाते. वाचलेल्या वास्तू टेकडीवर हलवण्यात आल्या. जुन्या जागी आता मोकळे गवत, भोवती उंच झाडे आणि सुमारे ३४ मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, एवढेच आहे. मला वरच्या मंदिरापेक्षा ही रिकामी जागा अधिक भावते.

जुन्या अरण्याविषयी मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वाटेवर दिसणाऱ्या झाडांपैकी बरीचशी सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांची लागवड आहे, आणि त्यातली पुष्कळशी दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी झालेली आहे. सरळ रांगेत उभे असलेले एकसारखे खोड आणि खाली फारसे काही न उगवलेली काळोखी जमीन दिसली, की ते रोपवन समजावे. खरोखर पुराणवृक्ष उरले आहेत ते मुख्यतः देवळांच्या आवारात, आपल्याकडे सह्याद्रीत देवराई उरावी तसे. आणि ते आपोआप उरलेले नाहीत. १९०६ पासून जपान सरकारने लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन करण्याचे धोरण राबवले, तेव्हा बंद झालेल्या देवळांची झाडे सर्रास विकली आणि तोडली गेली. तानाबे येथे राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू यांनी याविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि पत्रांतून झुंज दिली, १९१० मध्ये त्यापायी तुरुंगवासही भोगला, आणि झाडे, शेवाळ, कीटक व माणसांची श्रद्धा हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे, त्यातले एक तोडले की बाकीचेही तुटते, असे ते त्या काळात ठामपणे मांडत होते. नाकाहेचीवरील त्सुगिझाकुरा येथील प्रचंड सुगी वृक्ष त्यांच्याच प्रयत्नांमुळे वाचले. या झाडांच्या फांद्या जवळजवळ सगळ्या दक्षिणेकडे, नाचीच्या दिशेला वळलेल्या आहेत. दोन-तीन माणसांनी हात पसरले तरी ज्याला वेढा पुरणार नाही अशा त्या बुंध्याच्या सालीला तळवा लावून उभे राहिले, तर रोपवनातले झाड आणि हे झाड यांतला फरक सांगावा लागत नाही. तिथून थोडेसे खाली उतरले की नोनाकाचा झरा आहे. त्याचे पाणी प्यायला मिळते, बाटली भरून घ्यावी. इथवर जाण्यासाठी बस आणि थोडी चढण पुरते, त्यामुळे हा दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम होऊ शकतो.

मुक्काम युनोमिनेला करावा. एका अरुंद ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेले हे मोजक्या घरांचे गाव आहे, आणि यात्रेकरू होंगूच्या दर्शनाआधी इथल्या गरम पाण्यात स्नान करून शुद्ध होत असत. ओढ्यातच एका लाकडी खोपट्यात त्सुबोयु नावाचे खडकातले लहानसे कुंड आहे. तेही जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तरीही त्यात प्रत्यक्ष स्नान करता येते. क्रमांक घ्यायचा, आपली पाळी आली की अर्धा तास ते कुंड केवळ आपल्या कुटुंबाचे असते. सार्वजनिक स्नानगृहात अनोळखी लोकांसमोर विवस्त्र होण्याचा संकोच आपल्या आई-वडिलांना नक्कीच वाटेल, म्हणून ही सोय मोलाची आहे.

त्याच ओढ्याच्या काठावर युझुत्सु नावाची सुमारे ९० अंश सेल्सिअस पाण्याची चौकोनी विहीर आहे. शेजारच्या दुकानातून जाळीच्या पिशवीत अंडी किंवा रताळी घ्यायची, पिशवीची दोरी कडेच्या खुंटीला अडकवायची आणि ती पाण्यात सोडून बाकावर बसायचे. गंधकाचा वास, तोंडावर येणारी वाफ, आणि शेजारी पालेभाजीची जुडी घेऊन आलेली गावातली एखादी आजी. रताळ्याला वेळ लागतो, पण सालीसकट शिजलेल्या त्या रताळ्याला पाण्यातल्या क्षारांची किंचित खारट चव येते आणि मीठ घ्यावे लागत नाही. याच झऱ्याच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज तिथल्या घरगुती खानावळींत सकाळी मिळते. सोबत उमेबोशी, लोणच्याच्या फोडी आणि हिरवा चहा असतो. वाकायामा हा प्रांत उमेच्या उत्पादनात देशात पहिला आहे, त्यामुळे उमेबोशी खावी ती इथेच. आपल्या आईंना ती पेज आपलीशी वाटेल याची मला खात्री आहे.

आता शाकाहाराचा मुख्य प्रश्न. जपानी स्वयंपाकात अडचण दिसणाऱ्या माशाची नसते, न दिसणाऱ्या माशाची असते. मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सार, उकडलेली भाजी, सोबा या कुट्टूच्या शेवयांचे पाणी, या सगळ्यांत बहुधा कात्सुओ-दाशी, म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि तो घालून केलेला पदार्थ शाकाहारीच आहे असे वाढणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असते. कोया-दोफु हे गोठवून वाळवलेले टोफू घ्या. बौद्ध मठात ते कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम यांच्या अर्कात शिजते, तर खानावळीत बहुधा माशाच्या, आणि ताटात दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून निकु (मांस), साकाना (मासे) आणि कात्सुओ-दाशी या तिन्हींचा नकार स्वतंत्रपणे सांगावा लागतो, आणि तो जेवायला बसल्यावर सांगून उपयोग नाही. ही घरे बहुधा एखादे जोडपे चालवते आणि बाजार दूर असल्यामुळे सामान आधीच आणून ठेवलेले असते. वाटेतल्या जेवणासाठी मेहारी-झुशी, म्हणजे ताकाना या मोहरीवर्गीय पालेभाजीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा, उत्तम. आत केवळ चिरलेले देठ असतील तर आईंनाही चालेल, पण काही ठिकाणी बोनितोचा कीस घालतात, तेव्हा विचारून घ्यावे.

याच कारणासाठी पहिली रात्र कोयासानला काढावी, असे मी सुचवते. कूकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ मध्ये जागा मिळवून वसवलेले हे डोंगरावरील मठांचे गाव ओसाकाहून रेल्वे आणि केबल-कारने सहज गाठता येते. पन्नासच्या आसपास मठांत मुक्कामाची सोय आहे आणि तिथले शोजिन-र्‍योरी जेवण मांस-मासेच नव्हे, तर कांदा-लसूणही टाळते. तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळाच्या पिठापासून केलेले गोमा-दोफु अवश्य खावे. ओकुनोइन या स्मशानभूमीतून उंच सुगींच्या छायेत सुमारे दोन किलोमीटरांची सपाट वाट जाते. तिथल्या पाच थरांच्या दगडी समाध्यांवर ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीत कोरलेली दिसतात. देवनागरी वाचणाऱ्याने जरा निरखून पाहिले, तर त्यातली काही वळणे ओळखू येतात. कोयासानहून होंगूला जाणारी कोहेची ही पायवाट हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडते, तिचा विचारही करू नये. बस आहे, पण ती वर्षभर धावत नाही, तेव्हा वेळापत्रक पाहूनच तारखा ठरवाव्यात.

परतताना नाची पाहता येईल. १३३ मीटरांचा धबधबा आणि दाइमोनझाका ही सुगींमधली दगडी पायऱ्यांची वाट सुंदर आहे, पण दुपारी सहलींच्या बस येतात, म्हणून सकाळी लवकर जावे. पायऱ्या नको असतील तर बस वरपर्यंत जाते. पुढे कीई-कात्सुउराहून ओसाकाला थेट रेल्वे आहे.

हा जपानमधील अतिशय पावसाचा प्रदेश आहे. जून-जुलैचा पाऊस आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधील वादळे टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जावे. शेवाळलेल्या दगडांवर साधे बूट घसरतात, म्हणून पकड असलेले बूट आणि प्रत्येकी एक काठी हवीच. मोठ्या बॅगा ओसाकाच्या हॉटेलातून पुढच्या हॉटेलात कुरिअरने पाठवून सोबत फक्त पाठीवरची पिशवी ठेवावी. खोल्या, डबे आणि सामान पोहोचवण्याची सोय तानाबे शहराच्या कुमानो पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आरक्षित करता येते. एप्रिलअखेरचा सुट्ट्यांचा आठवडा आणि नोव्हेंबर यांसाठी काही महिने आधीच खोली धरावी, आणि आरक्षण करतानाच आईंच्या आहाराचे ते तीन शब्द, तसेच वडिलांना जमिनीवर बसणे-झोपणे जड जात असेल तर खुर्ची व पलंगाची गरज, हे दोन्ही लिहून कळवावे.