सेकंड लाइफमधले कपडे लावून ठेवताना

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात नवीन असताना आपल्या अवतारासाठी फुकटच्या कपड्यांवर उड्या पडणारच. घ्या खुशाल! फक्त कपडे ज्यात येतात तो खोका उघडलात की माल त्याच दिवशी जागेवर लावा.

सगळ्यात आधी लिंकचा हिशेब समजून घ्या. आउटफिट, म्हणजे अंगावरचा पूर्ण पोशाख, सेव्ह केला की ‘आउटफिट्स’ फोल्डरमध्ये कपड्यांच्या प्रती जात नाहीत, नुसत्या लिंक जातात. मूळ वस्तू असते तिथेच राहते. म्हणून एकच बूट, नो-कॉपी (प्रत काढता न येणारे) असले तरी, हव्या तितक्या पोशाखांत चालतात. आउटफिट डिलीट केला तरी कपडे सुरक्षित. पण मूळ शर्ट डिलीट करून कचरापेटी रिकामी केलीत, तर तो ज्या ज्या पोशाखात होता त्या सगळ्यांतली लिंक तुटते. साफसफाई करताना हे डोक्यात पक्कं असू द्या.

मूळ कपड्यांचे फोल्डर आधी बॉडीनुसार (अवताराचं शरीर कोणतं, त्यानुसार) करा, मग प्रकारानुसार. लारा नावाच्या बॉडीसाठी बनवलेला मेश (त्रिमितीय) ड्रेस दुसऱ्या बॉडीवर बहुधा नीट बसत नाही, त्यामुळे रंगानुसार लावण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. दुकानाचं नाव फोल्डरच्या नावात ठेवा, सर्चला फार उपयोगी पडतं.

पोशाखाचा फोटो जरूर लावा, गॅलरीत चटकन ओळखता येतो.

आणि ‘वेअर’ व ‘ॲड’ यांत गल्लत नको: ‘वेअर’ त्याच जागेवरची आधीची वस्तू काढतं, ‘ॲड’ ती राहू देतं. आउटफिट सेव्ह करताना बॉडी, डोकं, केस, अल्फा (कपड्याखालचं अंग लपवणारा थर) सगळं अंगावर आहे ना, ते एकदा तपासा.