चिंचेला हात लावण्यापूर्वी शेवटची अक्षरे वाचा

सुमारे 17 मिलिमीटरचे काळपट नाणे, मागे दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन ध्वज, आणि 'चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवू का' हा आपला प्रश्न वाचून मला माझे पहिले रोमन नाणे आठवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याच्या गौरवाचा छाप आहे. दोन ध्वज साधारणपणे इ. स. 330 ते 335 या काळात दिसतात. पुढे ध्वज एकच राहिला आणि नाणेही लहान झाले. काळ असा चटकन ठरतो, सम्राट ठरत नाही. चेहऱ्यावर विसंबू नये, कारण तेव्हाच्या सत्ताधारी, कॉन्स्टँटाइनच्या घराण्यातले सगळे चेहरे जवळजवळ एका साच्यातले आहेत. बाप (कॉन्स्टँटाइन पहिला) आणि मुलगा (कॉन्स्टँटाइन दुसरा), नाण्यावर दोघेही 'कॉन्स्टँटिनस'. नावापुढे 'मॅक्स ऑग' (थोर सम्राट) असेल तर बाप, 'यून नोब सी' (धाकटा, कुलीन सीझर, म्हणजे दुय्यम शासक) असेल तर मुलगा. ही निर्णायक अक्षरे चेहऱ्याच्या उजवीकडे, कडेला येतात. त्यांत 'यू' हे 'व्ही'सारखे कोरलेले असते, हेही ध्यानात असू द्यावे.

माझ्या नाण्यावर नेमकी तीच अक्षरे मातीखाली होती. घरी देवाचे ताम्हन चिंचेनेच लख्ख होते, मग हेही होईल, असा माझा हिशोब. सकाळी नाणे गुलाबी, चकचकीत निघाले आणि उजवी कड सपाट झालेली होती. सुमारे 1700 वर्षांत धातूचा वरचा भाग गंजून त्याचा थर बनतो आणि पुष्कळदा अक्षरे त्या थरातच उरलेली असतात. आम्लाने थर गेला की तीही जातात. सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखालची अक्षरे मात्र शाबूत राहिली: गॅमा, म्हणजे ग्रीक लिपीतले तिसरे अक्षर, आणि पुढे 'एसआयएस'. म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातले सिसाक, तिथल्या टांकसाळीचा तिसरा विभाग. नाणे कुठल्या गावात पाडले हे मला ठाऊक आहे, त्यावर बाप आहे की मुलगा हे कधीच कळणार नाही. एका संग्रहालयात विचारले, तर 'उत्तरकालीन रोमन' एवढेच सांगून परत पाठवले. तेवढे मलाही दिसत होते.

मी संवर्धनतज्ज्ञ नाही, त्यामुळे पुढचे केवळ माझे मत समजावे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणे काही आठवडे ठेवावे, पाणी वरचेवर बदलावे आणि भिंगाखाली बांबूच्या काडीने सुटेल तेवढीच माती काढावी. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांपैकी काहीही नको. फिकट हिरवा, भुकटीसारखा गंज दिसला तर नाणे इतरांपासून वेगळे आणि कोरडे ठेवावे, कारण तो गंज आतून वाढत राहतो.

तूर्त काही न करता उजेड एका बाजूने, अगदी तिरपा टाकून दोन छायाचित्रे काढावीत: एक चेहऱ्याच्या उजव्या कडेचे, दुसरे सैनिकांच्या पायाखालचे. ती इथे टाकल्यास मी वाचून पाहीन.