बीजिंगजवळच्या दिंगलिंग समाधीत नेमकं काय पाहायचं? तिथल्या वस्तू खऱ्या आहेत का?

जमिनीखालचा महाल खरा आहे, पण त्यात मांडलेल्या शवपेट्या आणि लाल पेटारे प्रतिकृती आहेत. म्हणून तिथे वास्तू पाहायला जा. वस्तूंसाठी शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयाला वेगळा अर्धा दिवस द्या.

मिंग बादशहांच्या तिथल्या १३ समाध्यांपैकी उत्खनन झालेली ही एकच, वानली बादशहा आणि त्याच्या दोन सम्राज्ञींची. १९५६ मध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हा वाट सापडली ती मातीतल्या एका छोट्या शिलालेखामुळे: ‘इथून वज्रभिंतीपर्यंत १६ झांग, खोली साडेतीन झांग.’ (वज्रभिंत म्हणजे समाधीचं तोंड बंद करणारी भिंत, एक झांग म्हणजे साधारण ३.२ मीटर.) समाधी १५९० मध्ये तयार झाली, बादशहा वारला १६२० मध्ये. पुन्हा उघडायची होती, म्हणून ही खूण.

आत संगमरवरी दारांपाशी थांबाच. एकेक फळी सुमारे ४ टनांची, तरी बिजागरीकडे जाड आणि मोकळ्या कडेला पातळ असल्याने फिरवायला हलकी. आतून एक दगडी अडसर तिरका टेकवलेला असे. बाहेरून दार ओढलं की तो घसरून फळ्यांच्या उंचवट्यांना आपोआप अडके. उत्खनन करणाऱ्यांनी फटीतून वाकवलेली तार घालून तो उभा केला.

पुढचं वाईट झालं. रेशमी वस्त्रं हवा लागून कडक, ठिसूळ झाली. मूळ शवपेट्या १९५९ मध्ये टाकून दिल्या गेल्या आणि १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत तिघांचे सांगाडे जाळले गेले. शाही समाध्या स्वतःहून न उघडण्याच्या चीनच्या धोरणामागे हा अनुभव आहे.

सम्राज्ञी शियाओदुआनचा नऊ ड्रॅगन, नऊ फिनिक्सांचा मुकुट राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातला निळा रंग मिन्याचा वाटतो, पण ती खंड्याची पिसं आहेत. जवळून बघा, पिसाचे तंतू दिसतात. प्रवेश मोफत, पण पासपोर्टवर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सोमवारी बंद.

दिंगलिंगसाठी बीजिंगमधल्या देशंगमेनहून ८७२ क्रमांकाची बस सोयीची. समाध्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन पाहून बरेच जण तिथे उतरतात आणि फसतात. तिथून दिंगलिंग काही किलोमीटर लांब आहे. महाल २७ मीटर खोल, पायऱ्या भरपूर, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून उतरावं. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, अंगावर काहीतरी असू द्या.

वेळ उरला तर त्याच बसने पुढे छांगलिंगला, त्या १३ पैकीच दुसऱ्या एका समाधीला, जा. तिथला भूमिगत भाग बंदच आहे, पण नानमू लाकडाच्या ६० खांबांवर उभं असलेलं सभागृह दिंगलिंगमध्ये पाहायला मिळणार नाही. दिंगलिंगचं जळून गेलं, फक्त जोतं उरलंय.