गाण्यांच्या गोंगाटात आईला जेवायला न्यायचं तर

तुम्ही लिहिलंय की आईंना (वय ७४, कानाला मशीन) वाढदिवसाला मडगावला जेवायला नेलं आणि त्या दोन तास नुसती मान डोलवत बसल्या, आता कुठेच यायला नको म्हणतात. वाचून पोटात तुटलं हो. आमच्या बाबांचं अगदी हेच झालं होतं, पणजीत एका नव्या रेस्टॉरंटात थाळी पुढे ओढून म्हणाले "तुम्ही बोला, मी जेवतो", आणि हा माणूस असा की बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसला की रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून गप्पा मारणार.

आधी एक, मशीनचा आवाज वाढवू नका, गाणंपण वाढतं. वयाने वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे स, श, त, फ वगैरे, त्यामुळे आवाज येतो पण शब्द लागत नाही. त्यात टाईल्स आणि काचा, सगळं आपटून परत येतं, मग शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं आणि आपण त्याहून मोठ्याने. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्येच हे मांडलंय, गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, पणजीत त्या दिवशी माझ्या फोनच्या ॲपवर ८२ दिसत होतं (फोनचं माप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो).

आता मी काय करतो ते सांगतो. टेबल बुक करतानाच बोलतो, आणि पोचल्यावर ऑर्डर द्यायच्या आधी थेट काउंटरवर जातो, कारण वेटरच्या हातात बहुतेक आवाज नसतो. "बंद करा" म्हणत नाही, "आमच्या बाजूचा स्पीकर कमी करा, वडिलांना ऐकू येत नाही" म्हणतो. आजवर दोनदाच नकार मिळाला, दोन्ही वेळा उठून आलो, लाज कसली त्यात. बाबांना असं बसवतो की स्पीकर पाठीमागे आणि आम्ही सगळे समोर, तोंडावर उजेड, म्हणजे ओठ दिसतात. बऱ्याच मशीनमध्ये गर्दीसाठी वेगळा मोड असतो, तो ऑडिओलॉजिस्टकडून (कानाची तपासणी करून मशीन लावून देणारे) नक्की सेट करून घ्या. आणि १२ वाजताच जा, दीडला थाळीची गर्दी उसळते.

गेल्या रविवारी फोंड्याला एका छोट्या खानावळीत गेलो, फक्त पंखा आणि ताटांचा आवाज. बाबांनी मालकाला विचारलं, इसवण (सुरमई) आज कुठून आली, आणि सोलकढी संपली तरी दोघं दक्षिण गोव्यातल्या बेतूलच्या मासेमारी होड्यांवर बोलत होते.